मंगळवार, गुरुवार, शनिवार

या तीन दिवशी ट्राउटवाईन यांची किल्ली माझ्याकडे असते.
हाले-नॉयश्टाट, सातवा मजला,
आणि इतरांकडे जिथं टीव्ही असतो
तिथं तीनशे लिटर समुद्र.

पहिल्या दिवशी त्यांनी शिकवलं ते एवढंच:
पाणी उडून जातं, मीठ जात नाही.
म्हणून जेवढं कमी झालं तेवढं गोडं पाणी घालायचं,
खारं नाही.
"नाहीतर, फ्राऊ न्यान,
पंधरा दिवसांत माझ्या प्रवाळांचं लोणचं!"

मी मान हलवली. हे मला ठाऊक होतं.
मी सत्त्याऐंशी साली शिलाईच्या कारखान्यात आले,
तो देश तीन वर्षांत उडून गेला.
मी राहिले.

काचेवर एक थेंब, उजेडाकडे डोळा,
निळी रेघ पस्तिसावर.
मग नळ्या हलवायच्या, रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे,
आणि वहीत लिहायचं.
वहीच्या डाव्या पानावर टाकी:
कॅल्शियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम.
उजव्या पानावर, त्याच अक्षरात, त्याच पेन्सिलीनं,
त्यांचं रक्त.
डावीकडचे आकडे शहाण्या पोरांसारखे रांगेत.
उजवीकडे मात्र वाढदिवसाचं चीज
आठवडाभर चुगली करत बसतं.

बाल्कनीत मिठाची पंचवीस किलोची बादली आहे.
स्वयंपाकघरात चिमूटभरही नाही,
चवीपुरतंसुद्धा नाही.
टाकी रोज चार लिटर पिते.
ट्राउटवाईन अर्धा लिटर,
निळ्या मगानं, त्यात सूपही धरायचं.
रविवारी चहाला गेले आणि ते समोर असले
की पाणी ओतताना मी पाठ करून उभी राहते.
आवाज तर होतोच.

मागच्या सप्टेंबरात, गुरुवारी,
दगडाखाली कोळंबी उताणी दिसली.
लाल पट्टे, मिशा, पाय, सगळं जागच्या जागी,
पण हलेना.
मी दवाखान्यात फोन लावला. नर्स म्हणाली, मशीनवर आहेत.
मी म्हटलं, घरातलं कुणीतरी गेलंय.
तिनं फोन त्यांच्या कानाला धरला.
"उचलून बघा. पोकळ आहे?"
पोकळ होती. कागदासारखी.
"मग तो तिचा जुना कोट आहे. ती मेली नाही, वाढली.
दोन दिवस लाजेल, मग येईल बाहेर."
आणि इतके हसले की मागे मशीन बोंबललं
आणि नर्सनं फोन काढून घेतला.
ते कवच मी रुमालात गुंडाळून घरी आणलं.
नवऱ्यानं विचारलं, हे काय? सांगता आलं नाही.

एकदा त्यांनी झाकण उचललं आणि म्हणाले, वास घ्या.
तुमच्या हाय फाँगला असाच येतो ना?
त्यांनी समुद्र एकदाच पाहिलाय,
रोस्टॉकजवळ, तोही पावसात.
मी वाकले. वास नव्हताच. काचेसारखं स्वच्छ पाणी,
जांभळ्या बोटांचं प्रवाळ प्रवाहात डुलत होतं,
असलं काही मी माझ्या समुद्रात कधी पाहिलं नाही.
आमचं पाणी तपकिरी. कोळसा, डिझेल, चिखल, मासळी.
"अगदी असाच," मी म्हटलं.

खरं तर तो वास खाली आहे,
कपाटाच्या दारामागे,
फेस गोळा करणाऱ्या नळकांड्याच्या पेल्यात.
टाकी जे जे नको म्हणते ते तिथं साठतं:
काळ्या चहासारखं, सडकं, दाट.
पहिल्यांदा तो पेला उघडला आणि
मला ओहोटीच्या वेळचा धक्का दिसला,
शिडीवर बसून जाळं सोडवणारी मोठी बहीण,
तिच्या पायाला लागलेला गाळ.
मी बेसिनजवळ बराच वेळ उभी होते.

परवा शनिवारी ते लवकर आले.
कोपरापाशी पट्टी, चेहरा मेणाचा.
बूट न काढताच टाकीसमोर बसले.
पिवळा मासा काचेपाशी आला, त्यांना ओळखल्यासारखा.
"वही?"
"लिहिली."
"पेला धुतलात?"
"धुतला," मी म्हटलं.

तळाशी बोटभर ठेवलं होतं.